लाइटची एमसीबी सारखी पडते? या चुका टाळा

गौरी-गणपतीत पुण्यात घरोघरी आरास उभी राहते आणि कित्येक घरांत नेमकी आरतीच्या वेळी हॉलची एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा खटका, पडते. खापर फुटतं ते दिव्यांच्या माळांवर. पण 9 वॅटचे वीस एलईडी बल्ब लावले तरी भार 180 वॅटच होतो. लाइटच्या सर्किटवर बहुधा 6 अँपिअरची एमसीबी असते आणि 230 व्होल्टला ती 1380 वॅटपर्यंत पेलते.

खरं कारण बोर्डावरच्या 5 अँपिअरच्या प्लगमध्ये असतं. पेठांमधल्या जुन्या घरांत, कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत हा प्लग बहुतेक वेळा लाइट-पंख्यांच्याच वायरवर असतो. 1000 वॅटची इस्त्री 4.3 अँपिअर खाते, 1500 वॅटची किटली 6.5. मखरावर 500 वॅटचे दोन हॅलोजन सोडले तर ते इस्त्रीएवढेच.

एमसीबी पडायला किती वेळ लागतो, ते आधी बघा. थोडा वेळ चालून पडली तर ओव्हरलोड: आतली धातूची पट्टी तापून वाकते, तेव्हा खटका पडतो. वर करताक्षणी पडली तर शॉर्ट समजा, पुन्हा पुन्हा वर करू नका, वायरमनला बोलवा. पावसाळ्यात टेस्टचं बटण असलेली आरसीसीबी (करंट गळला की बंद होणारा खटका) पडत असेल तर बहुधा कुठेतरी ओल शिरून करंट गळतोय. तिथे भार कमी करून काही होत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे 6 ची काढून 20 ची एमसीबी बसवणं. तापकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत ती सहज मिळते आणि बसवल्यावर पडणं थांबतंही, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. अहो, एमसीबी मुळात भिंतीतली वायर वाचवायला असते! मागे वायर तीच दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) किंवा त्याहून बारीक, तीही पाइपात इतर वायरींना चिकटून. 20 ची एमसीबी 22 अँपिअर तासभर निमूट जाऊ देते. तेवढ्यात वायरीचं पीव्हीसी मऊ पडायला लागतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

भार कमी असूनही पडत असेल तर एमसीबीचा स्क्रू ढिला असू शकतो. ढिला जोड तापतो, ती उष्णता आतल्या पट्टीला लागते. डीबीत, म्हणजे एमसीबी बसवलेल्या डब्यात, प्लास्टिक काळवंडलेलं दिसलं तर मेन बंद करून वायरमनकडून जोड आवळून घ्या.

इस्त्री, किटली 16 अँपिअरच्या पॉवर पॉइंटवरच लावा. तो नसेल तर डीबीपासून अडीचची वेगळी लाइन ओढून घ्या, तिला स्वतःची 16 ची एमसीबी द्या, आणि न्यूट्रलही, म्हणजे करंटची परतीची वायरही, वेगळं ओढायला सांगा. पैसे वाचवायला नवी लाइन जुन्याच न्यूट्रलवर टाकली तर त्या बारीक वायरीतून दोन्ही लाइनींचा करंट जातो आणि एकही एमसीबी पडत नाही.