इंग्रजीतला अपॉस्ट्रॉफी आणि वाक्प्रचार : या चुका टाळा

इंग्रजी लिहिताना सर्वांत जास्त घोळ “इट'स” आणि “इट्स” यांत होतो. उच्चार तंतोतंत सारखा, त्यामुळे कानावर विसंबलात की फसगत ठरलेली. शिवाय मराठीत “रामाचा” आणि “त्याचा” या दोन्हींना एकच प्रत्यय लागतो. म्हणून “टॉम'स” बरोबर असेल तर “त्याचे” म्हणायलाही “इट'स” चालेल असे वाटते. तसे नाही. हिज, हर्स, इट्स, अवर्स, युअर्स, देअर्स या मालकीदर्शक सर्वनामांत अपॉस्ट्रॉफी, म्हणजे ' ही खूण, कधीच येत नाही.

शंका आली की शब्द उलगडून वाचा. “इट'स”च्या जागी “इट इज” किंवा “इट हॅज” घाला. “द डॉग वॅग्ड इट इज टेल” हे वाक्य कोलमडते, म्हणजे खूण नको. “इट इज रेनिंग” जमते, म्हणजे खूण हवी. “हू'ज” आणि “हूज”, “यू'र” आणि “युअर” या जोड्यांनाही हीच कसोटी लावा. “कुड'व्ह” ऐकून “कुड ऑफ” लिहिणारेही पुष्कळ आहेत; उलगडले की तिथे “हॅव” आहे हे लगेच कळते.

नामाची मालकी दाखवताना आधी मालक किती ते ठरवा. एकाच विद्यार्थ्याची पुस्तके असतील तर खूण एसच्या आधी: “स्टुडंट'स बुक्स”. अनेक विद्यार्थ्यांची असतील तर एसच्या नंतर: “स्टुडंट्स' बुक्स”. आपल्याकडे चा-ची-चे हे मालकीच्या वस्तूप्रमाणे बदलते, म्हणून नजर “बुक्स”कडे जाते आणि खूण चुकीच्या जागी पडते. वस्तू एक असो की शंभर, इथे तिचा काही संबंध नाही. “चिल्ड्रन”सारख्या अनेकवचनाला एस नसतोच, तेव्हा “चिल्ड्रन'स”. कालावधीलाही हाच नियम: “टू वीक्स' नोटिस”.

साध्या अनेकवचनाला मात्र खूण लावू नका. “अ‍ॅपल'स” म्हणजे “सफरचंदे” नव्हे. अपवाद सुट्या छोट्या अक्षरांचा: ए या अक्षराचे अनेकवचन खुणेविना लिहिले तर ते “अ‍ॅज” असे वाचले जाईल.

वाक्प्रचारांतली चूक जास्त महागात पडते, कारण वाक्य व्याकरणात बसते आणि अर्थ भलताच निघतो. “पुल समवन'स लेग” म्हणजे पाय ओढणे नव्हे. मराठीत पाय ओढणारा दुसऱ्याची प्रगती रोखतो. इंग्रजीत तो फक्त थट्टा करत असतो. सहकारी प्रगतीच्या आड येतात अशी तक्रार या शब्दांत केली, तर ऐकणाऱ्याला ती गंमत वाटेल. उलट “टर्न अ ब्लाइंड आय” आणि आपला “काणाडोळा करणे” छान जुळतात. म्हणजे जुळणी होते, पण ती गृहीत धरता येत नाही.

सूरही पाहा. “किक द बकेट” म्हणजे मरणे, पण त्याचा सूर “गचकणे”सारखा आहे. शोकसंदेशात तो घातला तर अपमान होईल. तिथे “पास अवे” लिहा. “किक द बकेट”ची रचनाही बदलता येत नाही: “द बकेट वॉज किक्ड” म्हटले की उरते ती नुसती लाथ मारलेली बादली.

मराठीत आर्टिकल नसल्यामुळे “आऊट ऑफ द क्वेश्चन”मधला “द” सहज गळतो. मग “शक्यच नाही” हा अर्थ नीट पोचत नाही. देशही बघावा लागतो. “टेबल अ मोशन” म्हणजे ब्रिटनमध्ये ठराव चर्चेला मांडणे, तर अमेरिकेत तो लांबणीवर टाकणे. दोन्ही देशांचे लोक असलेल्या बैठकीत हा शब्द टाळून सरळ “डिस्कस” किंवा “पोस्टपोन” म्हणा.

काही ठिकाणी अपॉस्ट्रॉफी आणि वाक्प्रचार या दोन्ही अडचणी एकत्र येतात. “द कॅट'स आऊट ऑफ द बॅग”मध्ये 'एस म्हणजे “इज”, “कॅट'स गॉट युअर टंग”मध्ये “हॅज”, आणि “अ स्टोन'स थ्रो”मध्ये षष्ठी. तिन्ही उदाहरणे वहीत एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर उलगडलेले रूप मांडा.