नॅस्डॅक 100 घ्यायचाय? आधी घडणावळ विचारा

मागच्या आठवड्यात रंकाळ्यावर भेळ खाता खाता मावसभाऊ म्हणाला, दादा ते अमेरिकेचं नॅस्डॅक लई पळायलंय म्हणे, आपल्याला कोल्हापुरात बसून घेता येतंय काय? येतंय की. पण सांगायला लागलो तर भेळ मऊ पडली, म्हणून म्हटलं टाईपच करून टाकावं, नाहीतरी दर दोन महिन्यांनी कोण ना कोण हेच विचारतंय.

पहिला घोळ नावाचा. नॅस्डॅक हे मुळात अमेरिकेतल्या एका शेअर बाजाराचं, म्हणजे एक्स्चेंजचं नाव. बातम्यांत नुसतं नॅस्डॅक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्याचा कंपोझिट इंडेक्स असतो, म्हणजे सगळ्या शेअरच्या भावांचा मिळून एक आकडा, त्या एक्स्चेंजवरचे तीन हजारांवर शेअर त्यात येतात. आपल्याला घेता येतो तो नॅस्डॅक 100, 1985 ला चालू झालेला, त्याच एक्स्चेंजवरच्या सगळ्यात मोठ्या 100 कंपन्यांचा, फक्त बँका-इन्शुरन्सवाल्या वगळून. टेक इंडेक्स म्हणतात खरं पण पेप्सी आणि कॉस्टकोसारखं किराणा दुकान पण त्यात बसलंय, आणि ओरॅकल, आयबीएम नाहीत कारण त्यांचं लिस्टिंग न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजला आहे. शिवाय कंपन्या 100 असल्या तरी वजन, म्हंजे इंडेक्समधला वाटा, सारखा नाही, एनव्हीडिया, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन वगैरे वरच्या दहाएक जणांकडंच निम्म्याच्या आसपास वजन आहे. म्हंजे खासबागेत शंभर पैलवान आखाड्याकडंला उभे आहेत आणि कुस्ती दहाच जण करायलेत असं समजा. हे वजन लईच एकीकडं झुकलं म्हणून जुलै 2023 मध्ये मधेच स्पेशल रिबॅलन्स करून मोठ्यांचं वजन कापलं होतं, नाहीतर कंपन्यांची आत-बाहेर डिसेंबरात होते.

आता घ्यायचं कसं. सोपा रस्ता म्हणजे आपल्याच डिमॅटमधून एनएसई या आपल्या शेअर बाजारावरचा नॅस्डॅक 100 ईटीएफ, म्हंजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड, मोतीलाल ओसवालचा 2011 पासून आहे. डिमॅट नको असेल तर त्याच इंडेक्सचे म्युच्युअल फंड, एसआयपी लावायची, फक्त नवीन पैसे घ्यायला चालू आहेत का बघून. तिसरा रस्ता एलआरएस, म्हंजे परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची सोय, त्यातनं डॉलर पाठवून थेट अमेरिकेतला क्यूक्यूक्यू हा नॅस्डॅक 100 चाच ईटीएफ घ्यायचा, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परवानगी आहे पण बँकेचा चार्ज, डॉलरचा रेट आणि इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल भरायचं झेंगट, लहान रकमेला परवडत नाही असं माझं मत.

बहुतेक जण ईटीएफ घेतात आणि तिथंच मार खातात. मीपण खाल्लाय.

आपण गुजरीत सोनं घ्यायला गेलो की भाव विचारतो आणि लगेच घडणावळ विचारतो, बरोबर? ईटीएफला कोण विचारत नाही. ईटीएफचे दोन भाव असतात, एक एनएव्ही म्हणजे आतल्या शेअरची खरी किंमत, आणि दुसरा बाजारात चाललाय तो. साध्या निफ्टीच्या ईटीएफमध्ये दोन्ही जवळजवळ असतात कारण भाव वर गेला की नवीन युनिट तयार होऊन बाजारात येतात. परदेशी ईटीएफचं तसं होत नाही, रिझर्व्ह बँकेनं सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशी गुंतवणुकीला 7 अब्ज डॉलरची मर्यादा घातलीय, ती 2022 च्या सुरुवातीला भरत आली आणि फंडांनी नवीन पैसे घेणंच थांबवलं. माल येणार नाही आणि गिऱ्हाईक वाढलंय म्हटल्यावर काय होणार, प्रीमियम लागतो, म्हंजे एनएव्हीवर जादा पैसे. हीच ती घडणावळ.

गणित बघा. समजा एनएव्ही 200 आहे आणि तुम्ही बाजारात 220 ला घेतलं. पुढं इंडेक्स 6 टक्के वाढला, एनएव्ही झाली 212, आणि तेवढ्यात प्रीमियम उतरला तर विकताना 212 च मिळणार. इंडेक्स वाढला, टीव्हीवर हिरवं, आणि तुम्ही साडेतीन टक्के खाली. मी हेच करून बसलो होतो आणि दोन दिवस ॲपच चुकीचं दाखवतंय म्हणून ॲपला शिव्या देत होतो. आता घेण्याआधी फंड कंपनीच्या साईटवर आय-नॅव, म्हंजे बाजार चालू असतानाची अंदाजे एनएव्ही, बघतो, प्रीमियम दोन टक्क्यांच्या वर असला की त्या दिवशी हातच लावत नाही. आणि मिळेल त्या भावाला घेणारी मार्केट ऑर्डर कधीच नाही, आपला भाव घालून लिमिटच टाकायची, कारण असल्या ईटीएफमध्ये व्हॉल्यूम, म्हंजे खरेदी-विक्री, पातळ असतं, मोठी मार्केट ऑर्डर टाकली की वरचे दोन-तीन भाव खाऊनच पूर्ण होते.

वेळेचं पण ध्यानात घ्या. आपला बाजार 9:15 ते 3:30, तेव्हा अमेरिका झोपलेली. त्यांचा बाजार उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी 7 ते रात्री 1:30, आणि नोव्हेंबर ते मार्च 8 ते 2:30. म्हंजे दिवसा ईटीएफ हलतो तो कालच्या बंद भावावर आणि त्यांच्या फ्युचर्सच्या, म्हंजे पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या, अंदाजावर. त्यामुळं इंट्राडे, म्हंजे त्याच दिवशी घेऊन विकायच्या, भानगडीत पडू नका, खरी हालचाल रात्री होते आणि सकाळी गॅपनं, म्हंजे भाव एकदम उडी मारून, उघडतं, मध्ये ठराविक भावाला आपोआप विकणारा स्टॉपलॉस काही करू शकत नाही. त्यांचा महागाईचा आकडा उन्हाळ्यात आपल्या 6 वाजता येतो, फेडचा, म्हंजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेचा, व्याजदराचा निर्णय 11:30 ला, वर्षातनं आठ वेळा. मोठ्यांचे रिझल्ट जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या शेवटाकडं, तेही बहुतेक त्यांचा बाजार बंद झाल्यावर, एनव्हीडियाचा महिनाभर उशिरा. त्या आठवड्यात नवीन घेणं मी टाळतो.

अजून एक, इथं दोन गोष्टींवर पैसे लागलेले असतात, इंडेक्स आणि डॉलर. इंडेक्स जागेवर राहिला आणि डॉलर 84 वरनं 88 झाला तरी पावणेपाच टक्के तुमचे. उलटंपण होतं.

किती घ्यायचं हे प्रत्येकानं आपल्या खिशाप्रमाणं ठरवावं पण आधी हे आकडे बघून घ्या: मार्च 2000 च्या टोकावरनं ऑक्टोबर 2002 पर्यंत हा इंडेक्स 80 टक्क्यांहून जास्त पडला आणि तो टोकाचा आकडा परत गाठायला 2015 उजाडलं. 2022 ला 33 टक्के खाली, लगेच 2023 ला 54 टक्के वर. म्हणून मी महिन्याला थोडं थोडं घेतो, आणि मोठं पडलं तर टाकायला थोडी रक्कम बाजूला.

आणि टेलिग्रामवर कोण यूएस100 नाहीतर एनएएस100 नावानं शंभरपट लिव्हरेज, म्हंजे भरलेल्या पैशाच्या शंभरपट सौदा, देतो म्हणाला तर पळा, तो शेअर नाही नि ईटीएफ नाही, नुसती भावावर लावलेली पैज असते. एलआरएसचे पैसे असल्या मार्जिनवरच्या, म्हंजे थोडी रक्कम भरून मोठा सौदा करायच्या, ट्रेडिंगला पाठवताच येत नाहीत, आणि परवानगी नसलेल्या फॉरेक्स ॲपची रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट तिच्या साईटवरच आहे. मावसभावाला हे सांगितलं तर तो गप्प झाला. नंतर हळूच म्हणाला, दहा हजार भरलेत दादा.