महागडी बॅग तळहातावरच्या फोडासारखी जपायची की रोज वापरायची?

पहिल्या मोठ्या बोनसमधून घेतलेली बॅग मी दोन वर्षांत जेमतेम पाच वेळा बाहेर काढली. एरवी बॅग कापडी पिशवीत, पिशवी खोक्यात आणि खोकं कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात. ठाण्यातला दुसरा पावसाळा सरल्यावर एका लग्नासाठी ती काढली, तर मुठीच्या शिवणीपाशी राखाडी ठिपके पडले होते. आतल्या कप्प्यात हात घातला, तर अस्तर बोटांना चिकटून आलं, पाक लागावा तसं. बाहेरून एक ओरखडा नाही आणि बॅग आतून गेलेली.

म्हणून माझं मत पक्कं आहे: आपल्या दमट हवेत बॅग वापरून होते त्याहून जास्त ठेवून खराब होते. हवेतली आर्द्रता बराच काळ 70 टक्क्यांच्या वर राहिली आणि हवा खेळती नसली, की चामड्यावर बुरशी धरते. पॉलियुरेथेनचं, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचं अस्तर तर ओलाव्याने आपोआप विरघळल्यासारखं होतं, बॅग वापरा किंवा नका वापरू. मग ते शाबूत आहे तोवरच वापरलेलं बरं, नाही का?

हिशेबही करून बघा. 60,000 रुपयांची बॅग चार वर्षांत सहा वेळा नेली, तर एका वेळेचे 10,000 पडले. वर्षाला 150 दिवस नेली, तर 100. (पुढे विकायच्या इराद्याने घेतली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्रत्येक ओरखडा किंमत उतरवतो.)

जेन बर्किनचं उदाहरण मला फार आवडतं. एर्मेस या महागड्या फ्रेंच ब्रॅंडची बर्किन बॅग जिच्या नावाची, ती ही अभिनेत्री. 1984 मध्ये विमानात शेजारी बसलेल्या एर्मेसच्या प्रमुखांशी बोलता बोलता या बॅगची कल्पना निघाली. तिने आपली बॅग ठासून भरून वापरली, वर स्टिकर चिकटवले, पट्ट्याला नेलकटर लटकवला. तीच बॅग जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे 86 लाख युरोंना गेली. ती किंमत तिच्या नावाची आणि पहिलेपणाची, हे खरं. पण वापराच्या खुणांनी ती बॅग कुणाला नकोशी झाली नाही.

तर बिनधास्त वापरा, पण असं:

आधी आपल्या बॅगेचं चामडं ओळखा. सगळ्यांना एकच नियम लागत नाही. मऊ कोकराच्या चामड्यावर नखाचाही ओरखडा उठतो. अशी बॅग लोकलच्या गर्दीत नेऊ नका, संध्याकाळच्या कार्यक्रमाला न्या. दाणेदार चामडं किंवा प्राडाचं बारीक रेघांचं साफियानो मात्र ऑफिसला रोज चालतं. लुई व्हितॉंचा प्रसिद्ध मोनोग्राम हे चामडं नाहीच, प्लास्टिकचा लेप दिलेलं सुती कापड आहे. ते पावसाचे थेंब सोसतं. त्याच बॅगेच्या फिकट मुठी मात्र वर कसलाही लेप न दिलेल्या चामड्याच्या असतात. पाण्याचा डाग लगेच धरतात आणि हाताळून मधासारख्या गडद होत जातात. तो रंग मला तरी नव्या बॅगेपेक्षा देखणा वाटतो.

मुठी सांभाळा. घाम, हॅंड क्रीम, डोक्याचं तेल आणि सॅनिटायझर सगळ्यात आधी तिथेच लागतं. सॅनिटायझर लावलेला हात पूर्ण वाळेपर्यंत बॅगेला लावू नका. जुन्या रेशमी ओढणीची पट्टी मुठीला गुंडाळली तरी पुष्कळ फरक पडतो.

पेन आणि लिपस्टिक वेगळ्या पाऊचमध्ये. अस्तरावरचा शाईचा डाग सहसा निघत नाही. फिकट रंगाची बॅग नव्या गडद जीन्सला घासू देऊ नका, निळा रंग उतरतो.

भिजली तर टिपून घ्या, घासू नका. आत मऊ सुती कापड कोंबून पंख्याखाली सावलीत वाळवा. ऊन नको, ड्रायरही नको. चामडं कडक होऊन तडकतं.

ठेवताना ती मुठीवर टांगू नका, उभी ठेवा. आत जुन्या मलमलच्या साडीचे तुकडे भरा. रद्दी पेपर नको, विशेषतः चकचकीत पेटंट चामड्याला, कारण छापील शाई त्यावर कायमची उतरते. प्लास्टिकची पिशवीही नको, सुतीच हवी. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला बॅग तासभर तरी बाहेर काढा. त्यापेक्षा तिला ऑफिसला नेलेलं सोपं.

बुरशी दिसलीच तर घाबरू नका. बॅग गॅलरीत न्या, तोंडाला मास्क लावा, कोरड्या मऊ ब्रशने ठिपके झाडा, मग किंचित ओलसर कापडाने पुसून सावलीत वाळू द्या. खोबरेल तेल चोळायचा मोह आवरा; काळपट डाग पडतो आणि तो राहतो. चामड्याचं क्रीम पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, तेही आधी तळाशी थोडंसं लावून बघून. स्वेडला, म्हणजे मखमली पोताच्या चामड्याला, ते लावूच नका.

कोपरे घासले जाणारच. रंग उडाला इतकंच असेल तर तसेच राहू द्या. पण शिवणीचा दोरा सुटलेला दिसला, तर त्याच आठवड्यात चामड्याचं काम करणाऱ्या कारागिराकडे न्या. धारावीत असे हात अजून आहेत. दोन टाके वेळेत पडले की बॅग पुन्हा खांद्यावर.