कंपनीच्या कन्व्हेन्शनला निघालात? मग या चुका टाळा

थेट विक्री करणाऱ्या कंपनीच्या कन्व्हेन्शनहून, म्हणजे वार्षिक मेळाव्याहून, आलेल्या सल्लागारांचे (तिचा माल ओळखीत विकणाऱ्यांचे) पुढचे दोन-तीन महिने पाहिले की हॉलमध्ये कोण काय करून आलं ते लगेच कळतं. काहींच्या घरात माल वाढलेला असतो, काहींच्या हातात ऑर्डरी. दर वर्षी त्याच चुका होतात आणि नवी मंडळी त्यात हौसेने भर घालतात.

हॉलमध्ये भावनेच्या भरात माल उचलणे

बाकी सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी रेकग्निशन, म्हणजे गौरव सोहळा, होतं. टीममधली माणसं स्टेजवर जातात, संगीत चढतं आणि त्याच उत्साहात नवं प्रॉडक्ट लाँच होतं. लगेच घोषणा येते: आज रात्री बारापर्यंत ऑर्डर टाकली तर जादा पॉइंट्स, म्हणजे ज्यांवर कंपनीतली तुमची लेव्हल (पायरी) ठरते ते गुण. बाहेर काउंटरवर कार्ड मशीन तयार असतं आणि शेजारी अपलाइन, म्हणजे तुम्हाला कंपनीत जोडणारी वरची सल्लागार, उभी असते, 'अगं, एवढ्याशा पॉइंट्ससाठी लेव्हल सोडतेस?'

सांगलीकडच्या एका सल्लागार ताईंनी अशाच वेळी चेहऱ्याच्या सीरमच्या 24 बाटल्या घेतल्या. सल्लागार दर 950 रुपये, म्हणजे 22,800 रुपये, तेही क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर. लेव्हल झाली, टाळ्या झाल्या. आता हिशेब बघा. ताईंचे नेहमीचे ग्राहक पंधरा, त्यातले चेहऱ्याचं काही घेणारे पाच. एक बाटली दोन महिने पुरते, म्हणजे पाचही जणांनी नेमाने घेतलं तरी महिन्याला अडीच बाटल्या. चोवीस बाटल्या संपायला साडेनऊ महिने. लेव्हल टिकवायला पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढेच पॉइंट्स हवे होते, ते आले नाहीत. दिवाळीत कंपनीनेच त्या सीरमवर 'एकावर एक' काढलं आणि ग्राहक त्याच भावाने मागू लागले. परत द्यायला गेल्या तर परतीची मुदत उलटलेली, शिवाय 'दाखवायला' म्हणून आठ खोक्यांची सीलं फोडलेली. शेवटी उरलेला माल व्हॉट्सअॅप ग्रुपवर खरेदीपेक्षा कमी भावात गेला. बहुतेक कंपन्यांच्या नियमांत तेही बसत नाही, त्यामुळे कंपनीची नोटीस आली ती वेगळीच.

यावर इलाज घरूनच करून निघायचा असतो, हॉलमध्ये कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. निघण्याआधी वहीत तीन रकाने आखा: ग्राहकाचं नाव, तो काय वापरतो, ते कधी संपणार. पुढच्या दोन महिन्यांत जेवढं संपणार आहे, तेवढीच तुमची खरेदीची हद्द. नव्या प्रॉडक्टचा एक नग स्वतःला आणि फार तर दोन विकायला. चहाच्या सुट्टीत तीन ग्राहकांना फोन करा. कुणी 'आण माझ्यासाठी' म्हटलं तर तो नग त्याच्या नावाने घ्या. पैसे देण्याआधी खोक्यावरची उत्पादनाची तारीख आणि मालपरतीची अट वाचा. क्रेडिट कार्ड घरी ठेवा आणि यूपीआयच्या खात्यात खाण्या-फिरण्यापुरतेच पैसे ठेवा. लाँच झालेला माल आठ दिवसांनीही मिळतो. आणि विकत घेतलेली लेव्हल महिनाभरात पडते, कारण तिच्याखाली ग्राहक नसतात. शॉर्टकट सांगणाऱ्या अपलाइनला एवढंच विचारा: 'हा माल खपला नाही तर अर्धा तुम्ही घ्याल का?'

स्क्रीनचे फोटो काढत बसणे

दोन दिवसांत दोनशे फोटो, आणि ते पुन्हा कधी उघडत नाहीत. फोन पिशवीत टाका, वही काढा. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे वक्त्याचा मुद्दा, उजवीकडे तो ज्या ग्राहकाच्या उपयोगी पडेल त्याचं नाव. उजवी बाजू कोरी राहिली तर मुद्दा सोडून द्या, कितीही भारी वाटला तरी. परत आल्यावर उजवीकडची नावं म्हणजेच तुमची फोनची यादी.

हे फोन दोन दिवसांत झाले पाहिजेत, आणि आधी जुन्या ग्राहकांना. नवे सल्लागार उलटं करतात: आल्या आल्या ओळखीतल्या सगळ्यांना 'जॉइन हो' सुरू. लोक मग फोन उचलायचे बंद होतात. पिशवी घेऊन थेट दारात जाण्याचाही मोह आवरा. डिसेंबर 2021 मध्ये लागू झालेल्या थेट विक्रीच्या नियमांनुसार ग्राहकाकडे जाताना ओळखपत्र हवं आणि वेळ आधी ठरवलेली हवी.

स्टेटसवर वाट्टेल ते टाकणे

स्टेजवर कुणीतरी म्हणतं, 'ही पावडर घेतली आणि माझी शुगर गेली.' तुम्ही तो व्हिडिओ स्टेटसला लावता. फूड सप्लिमेंट म्हणजे औषध नव्हे, डब्यावरच तसं छापलेलं असतं. मधुमेह बरा करतो म्हणून औषधाचीसुद्धा जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. स्टेजवरचे चेक आणि गाड्यांचे फोटोही नकोत. दुसऱ्याची कमाई दाखवून माणसं जोडली की ती तीन महिन्यांत तुटतात.

प्रवास आणि बारीकसारीक

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. तारीख जाहीर झाली की तिकीट काढा, तत्काळच्या भरवशावर राहू नका. कार्यक्रम वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला असेल तर दादरपर्यंत जायची गरज नाही. कोल्हापूरकडून महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणाऱ्यांनी कल्याणला उतरून लोकलने ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी गाठावं. स्टेशनपासून सेंटर चालत आहे. रात्रभर प्रवास करून सकाळी पोचणाऱ्यांना हॉटेलची खोली दुपारीच मिळते, हे निघतानाच लक्षात ठेवा. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं तर बॅगेला कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत.

कन्व्हेन्शनच्या पासवरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतंय का, ते घरीच बघा. लग्नाआधीच्या नावामुळे गेटवर वाद घालणाऱ्या दोन-तीन जणी दर वर्षी दिसतात. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, गर्दीत नेटवर्क बसतं. नव्या सँडल नकोत. एसीसाठी शाल हवीच.

दुसऱ्या टीमच्या लीडरजवळ आपल्या अपलाइनची गाऱ्हाणी गाऊ नका. संध्याकाळपर्यंत ती अपलाइनच्या कानावर पोचलेली असतात.

बक्षिसाच्या ट्रिपवरचा कर विसरणे

परदेशी ट्रिप 'फुकट' नसते. 1 जुलै 2022 पासून धंद्यातून मिळालेल्या वस्तू किंवा सहलींची किंमत वर्षात 20,000 रुपयांच्या वर गेली की कंपनीला 10 टक्के टीडीएस (आधीच कापून भरायचा आयकर) भरावा लागतो. पॅन दिला नसेल तर 20 टक्के. ट्रिपची किंमत 80,000 धरली तर 8,000 रुपये, आणि ते बहुधा तुमच्या कमिशनमधून वळते होतात किंवा आगाऊ मागितले जातात. नवऱ्याला किंवा बायकोलाही कंपनी नेत असेल तर तोही खर्च तुमच्याच नावे लागतो. ट्रिपची किंमत तुमच्या उत्पन्नातही धरली जाते, रिटर्न भरताना ती दाखवावी लागते. म्हणून होकार देण्याआधी ट्रिपची किंमत किती दाखवणार ते कंपनीकडून लेखी घ्या. स्वतःच्या खर्चाने कन्व्हेन्शनला गेलात तर तिकिटं, हॉटेल आणि पासची बिलं एका पाकिटात घालून ठेवा. रिटर्न भरताना ती धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतात, पण बिल हवं, हॉटेलसमोरचा सेल्फी चालत नाही.