लठ्ठपणावर दीर्घकालीन आजार म्हणून उपचार कसे घ्यावेत

रक्तदाबाच्या रुग्णाला ‘मनावर घ्या, आपोआप उतरेल’ असे सांगून कोणी घरी पाठवत नाही. लठ्ठपणाच्या रुग्णाला मात्र हेच दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत आणि हळदीकुंकवाला ऐकावे लागते. नाशिकमध्ये रुग्ण तपासताना मला सतत दिसते की लोक गुडघेदुखी, धाप किंवा वाढलेली साखर घेऊन येतात, पण वजनाचा विषय स्वतःहून काढत नाहीत, कारण तो काढला की बोलणी बसतील अशी त्यांना धास्ती असते. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

सुरुवात आजार समजून घेण्यापासून करावी. चरबीच्या पेशींतून पाझरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध १९९४ मध्ये लागला आणि शरीर आपल्या चरबीच्या साठ्याची खबर मेंदूला सतत देत असते, हे स्पष्ट झाले. साठा घटू लागला की मेंदू त्याला उपासमार समजतो; भूक वाढवतो, पोट भरल्याची जाणीव उशिरा देतो आणि ऊर्जेचा खर्च आवरता घेतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की आहार कमी करून वजन उतरवलेल्या लोकांमध्ये भुकेशी निगडित संप्रेरकांचे हे बदल वर्षभरानंतरही टिकून होते. म्हणजे तीन महिने कडक पथ्य पाळून आठ किलो उतरवलेल्या माणसाचे वजन पुढच्या दिवाळीपर्यंत परत आले, तर त्यामागे त्याच्या आळसापेक्षा त्याच्या शरीराचे हे काम मोठे असते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ मध्ये लठ्ठपणाला आजार म्हणून मान्यता दिली. घरच्या माणसांना पटवताना मला हा दाखला उपयोगी पडतो.

त्यानंतर मोजमाप. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. १६५ सेंटिमीटर उंची आणि ८० किलो वजन असेल तर तो सुमारे २९.४ येतो. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात, कारण आपल्याकडे कमी वजनातच पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले होते: दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून बीएमआयइतकाच कमरेचा घेरही महत्त्वाचा आहे. सरळ उभे राहून, सहज श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप धरावी. पँटच्या पट्ट्याचा आकडा कमरेचा घेर म्हणून धरू नये. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद तयार करून न्यावा. लग्नात, बाळंतपणानंतर, नोकरी बदलल्यावर, अशा कोणकोणत्या टप्प्यांवर वजन किती होते, आधी कोणते उपाय केले आणि वजन किती दिवसांत परत आले, हे त्यावर लिहावे. चालू असलेल्या सर्व औषधांची नावे लिहावीत, कारण स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि मानसिक आजार किंवा फिट्सवरील काही औषधे वजन वाढवतात. ती मनाने बंद करायची नसतात, पण पर्याय आहे का हे विचारता येते. झोप किती आणि कशी लागते, मोठ्याने घोरणे आहे का, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का, हेही नोंदवावे. झोपेत श्वास अडखळण्याचा आजार लठ्ठपणाबरोबर फार आढळतो आणि तो सांगितल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळीचे वेळापत्रक जोडावे, कारण जेवणाची आणि झोपेची वेळ दर आठवड्याला बदलत असताना ‘रात्री आठच्या आत जेवा’ हा सल्ला त्यांना पाळता येणारा नाही. रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर), रक्तातील चरबीची तपासणी, यकृताची तपासणी, थायरॉइड आणि पाळी अनियमित असल्यास पीसीओएस या बीजकोषांच्या संप्रेरक-विकाराच्या दृष्टीने तपासणी, एवढ्या गोष्टी पहिल्या भेटीत सहसा पाहिल्या जातात.

ध्येय किती ठेवावे, हे रुग्णाने पहिल्याच भेटीत विचारावे. वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तरी साखर, रक्तदाब आणि यकृतावरील चरबी यांत फरक पडतो. ८० किलोच्या माणसासाठी हे चार ते आठ किलो झाले. कॉलेजात असतानाचे वजन पुन्हा गाठण्याचा हट्ट धरू नये.

आहाराबाबत माझा आग्रह एवढाच असतो की जे पथ्य पाच वर्षे पाळता येणार नाही, ते पाच दिवसही सुरू करू नये. नाशिककराला मिसळ सोडायला सांगणारा सल्ला फार काळ टिकत नाही. मिसळीतली मटकीची उसळ चांगलीच आहे. शेव-फरसाण मूठभरावरून चिमूटभर करावे, तर्री वेगळी मागून चमच्याने घ्यावी, पाव एकावर थांबवावा आणि दुसऱ्या पावाऐवजी वाटीभर उसळ घ्यावी. घरी बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, भरपूर भाजी आणि प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडे किंवा मासे यांपैकी काही असावे; वजन उतरताना स्नायूही झिजतात आणि ते राखण्यासाठी प्रथिने लागतात. द्राक्षे बेताने खावीत, त्यांचा रस पिऊ नये. उपवासाची साबुदाणा खिचडी आणि वेफर हे पथ्य नव्हे, हे मात्र स्पष्ट सांगावे लागते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये.

चालण्यासाठी गोल्फ क्लब मैदानाचा ट्रॅक सपाट आहे. पांडवलेणीच्या पायऱ्यांनी सुरुवात करू नये. गुडघे दुखावले की व्यायाम महिनोन्महिने बंद पडतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, तोही खुर्चीतून उठबस करण्यापासून, एवढे ठरवावे.

एवढे करूनही वजन हलत नसेल किंवा आजार मोठा असेल, तर औषधे मागण्यात कमीपणा मानू नये. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आले. आठवड्यातून एकदा घ्यायची ही इंजेक्शने आतड्यातील संप्रेरकांप्रमाणे काम करतात, भूक शमवतात आणि पोट सावकाश रिकामे करतात. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले. औषध थांबवल्यावर मात्र उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात परत आले. ‘किती दिवस घ्यायचे?’ या प्रश्नाचे उत्तर यातच आहे: रक्तदाबाच्या गोळीसारखे, म्हणजे दीर्घकाळ, आणि म्हणून खर्चाचा हिशेब पहिल्या इंजेक्शनच्या आधी करावा. मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास. ते कमी व्हावेत म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात. गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा विचार असताना ही औषधे घेऊ नयेत. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असल्यास किंवा कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग असल्यास तसे डॉक्टरांना आधी सांगावे. व्यायामशाळेतील ओळखीतून किंवा चिठ्ठीशिवाय इंजेक्शन घेणे धोक्याचे आहे, आणि ज्या पावडरीच्या डब्यावर घटकच नीट लिहिलेले नाहीत ती तर हातातही धरू नये.

शस्त्रक्रियेची भीती पुष्कळांना वाटते, पण बीएमआय फार जास्त असेल किंवा मधुमेह आवरत नसेल, तर स्लीव्ह (जठर लहान करणारी) किंवा बायपास (अन्नाचा मार्ग जठर-आतड्यात वळवणारी; हृदयाची नव्हे) शस्त्रक्रियेचा परिणाम सर्वांत टिकाऊ असतो. त्यानंतर बी-१२, लोह, कॅल्शियम यांची पूरक औषधे आणि रक्ततपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात, हे शस्त्रक्रियेची सही करण्याआधी घरच्यांसह समजून घ्यावे.

वजन उतरू लागले की रक्तदाब आणि साखरेच्या औषधांची मात्रा कमी करावी लागू शकते. चक्कर येणे, घाम फुटणे असे काही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. आठवड्यातून एकाच वारी, सकाळी, त्याच काट्यावर वजन पाहून वहीत लिहावे. दोन-तीन किलो परत चढले, की बहुतेक रुग्ण लाजेने दवाखाना टाळतात आणि दहा किलो चढल्यावर येतात. माझी कळकळीची विनंती आहे की त्या दोन-तीन किलोंवरच यावे. साखर वाढल्यावर आपण औषध बदलतो, तसाच इथेही उपचार बदलायचा असतो. घरच्यांनी त्या दिवशी ‘परत वाढलं ना?’ असे न विचारता ‘चला, मीही येतो डॉक्टरांकडे’ एवढे म्हणावे, आणि वही बरोबर घ्यावी.