सूर्यास्ताकडे पाठ करा : साठीनंतर किनाऱ्यावर फोटो काढायला कसं शिकावं

निवृत्त होऊन कोकणातल्या गावी राहायला आलेल्या माणसाचं पहिलं वर्ष कौलं परतण्यात आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, वादात जातं. दुसऱ्या वर्षी वेळ उरायला लागतो. मला त्याच सुमारास फोटोंचा नाद लागला. सात-आठ वर्षांत ज्या चुका केल्या, त्या वजा करून उरलेला मार्ग खाली देतो आहे.

कॅमेरा घेऊ नका, निदान वर्षभर तरी

खिशातला मोबाईल पुरेसा आहे. महागडा कॅमेरा आणला की तो कपाटात राहतो आणि आपण त्याची काळजी घेत बसतो. मोबाईलमध्ये एवढंच करा : कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिडच्या उभ्या-आडव्या रेषा चालू करा, म्हणजे समुद्र कलंडणार नाही. क्षितिज तिरकं आलं की फोटो बघणाऱ्याला उगाच होडीत बसल्यासारखं होतं. फोटो काढताना स्क्रीनवरचं गोल बटण दाबायच्या खटपटीत मोबाईल हलतो. बहुतेक मोबाईलमध्ये आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणानंही फोटो निघतो, ते वापरा. ज्या वस्तूचा फोटो हवा, तिच्यावर बोट टेकवा. शेजारी सूर्यासारखी खूण येते, ती खाली सरकवली की उजेड कमी होतो. भर उन्हातल्या वाळूवर आणि पांढऱ्या शर्टांवर हा उजेड कमी करावाच लागतो, नाहीतर नुसता पांढरा डाग येतो.

आणि भिंग पुसा. निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलामुळे येतात.

हात थरथरतो? टेका

कोपरं बरगड्यांना चिकटवा, श्वास हळूच सोडा आणि मग बटण दाबा. माडाचं खोड, पडवीचा खांब, बंदरावरचा धक्का, काहीही चालतं. हात जास्तच हलत असेल तर ३ सेकंदांचा टायमर लावून मोबाईल गडग्यावर टेकवून ठेवा.

डोळ्यांचं एक सांगतो. मोतीबिंदू झालेलं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. ऑपरेशन होईपर्यंत मी संगणकावर प्रत्येक फोटोत निळा रंग वाढवत होतो, कारण मला समुद्र मळका दिसायचा. ऑपरेशननंतर तेच फोटो उघडले तर सगळी माणसं शाईत बुडवल्यासारखी! तेव्हा रंगांशी खेळायचं ते डोळे तपासून घेतल्यावर.

ॲप नंतर, आधी तिथी

किनाऱ्यावरच्या फोटोचं खरं गणित भरती-ओहोटीचं असतं, आणि ते आपल्या पिढीला ठाऊक असतं. तिथीला पाऊणाने गुणलं की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसाही तीच वेळ, रात्रीही तीच. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, आणि तुमच्या बंदरावर थोडा फरकही पडेल. दोन-चार दिवस घड्याळ लावून बघा.

आता हे फोटोला लावून पाहा. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी पार ओसरलेलं. शिवाय उधाण, त्यामुळे ते नेहमीपेक्षा लांब गेलेलं. भिजलेली पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, आरशासारखी होते आणि चालणाऱ्या माणसाचं प्रतिबिंब पायाशी येतं. अष्टमीला उलट : संध्याकाळी पाणी वर असतं आणि भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीचं, असल्यामुळे शांत. खाडीतल्या होड्या तरंगताना हव्या असतील तर तो दिवस. त्या होड्या चिखलात कलंडलेल्या हव्या असतील तर पौर्णिमेला जा. भिंतीवरचं कालनिर्णय काढून बघायला लागलो, तेव्हापासून माझ्या रिकाम्या फेऱ्या निम्म्याने कमी झाल्या.

ओहोटीला खडकांवर जाताना चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. शेवाळावरून पाय जातो आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. परतीची वाट आधी बघून ठेवा. पाणी मागून भरतं.

आता पाठ फिरवा

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून जो तो सूर्य बुडताना त्याचाच फोटो काढतो. माझ्याकडे असे चारशे होते. त्यातला कुठला गुहागरचा आणि कुठला वेंगुर्ल्याचा, हे मलाच सांगता येईना. एके दिवशी चष्मा पडला म्हणून वळलो आणि बघतो तर मागे सुरूच्या बनावर, जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्यावर, लाल चिऱ्याच्या भिंतीवर तोच उजेड पडलेला. सूर्य बुडायच्या आधीचा पाऊण तास हा असा, आडवा आणि केशरी. त्यात सुरकुतीसुद्धा गोड दिसते.

आडव्या उजेडाची परीक्षा घ्यायची असेल तर सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरची, कातळशिल्पं बघायला जा. राजापूर तालुक्यातल्या कशेळीला जांभ्या दगडात कोरलेला प्रचंड हत्ती आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली अशी चित्रं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. दुपारी बाराला गेलात तर नुसता खडक दिसेल, कारण रेघा उथळ आहेत आणि उजेड डोक्यावरून पडतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. प्रत्येक रेघेच्या एका कडेला सावली धरते आणि हत्ती उठून उभा राहतो. चित्रावर पाय ठेवू नका. रेघांत पाणी किंवा खडू घालून उठाव आणायचा मोह तर मुळीच नको.

एक जागा धरा

फिरून फोटो मिळतात हा गैरसमज आहे. गुडघेही तेच सांगतात. घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा निवडा आणि आठवड्यातून एकदा, वर्षभर, तिथेच जा. मी बंदराशेजारचा एक वड धरला आहे. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा त्याच्याखाली ओढून ठेवलेल्या होड्या झावळ्यांनी शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला त्याच होड्यांना नवा रंग. थंडीत किनाऱ्यावर कुरव पक्षी येतात, आणि उन्हाळा आला की निघून जातात. झाड एकच, पण फोटो एकासारखा एक नाही.

विचारून काढा

हर्णैला बैलगाड्या गुडघाभर पाण्यात शिरून होड्यांवरची मासळी आणतात, मग किनाऱ्यावर लिलाव लागतो. मोह होणारच. पण बोली चालू असताना कुणाच्या तोंडासमोर मोबाईल धरू नका. ती त्यांची कमाईची वेळ आहे. आधी दोन बांगडे घ्या, भाव विचारा, आणि मग ‘मावशी, एक फोटो काढू का?’ नाही म्हणाल्या तर नाही. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तिथे फ्लॅश बंद, ती उजेडाने दिशा चुकतात. दशावताराच्या रंगपटातही फ्लॅश नको. एका बल्बखाली राजा होत असलेला माणूस तसाच चांगला दिसतो.

खारा वारा

किनाऱ्यावरून आलं की मोबाईल किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसून कोरडा करा. पुढे कॅमेरा घेतलाच तर तो कातडी पिशवीत ठेवू नका; माझ्या जुन्या लेन्सला एका पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आली. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, बस्स. एसीच्या खोलीतून एकदम बाहेर काढला की भिंगावर दव धरतं. अर्धा तास पिशवीतच राहू द्या.

छापा

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना बारीक होतो. पूर्ण हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पण महिन्यातून पाच तरी फोटो कागदावर छापून घ्या, आणि मागे पेन्सिलीने माणसाचं नाव, वाडी आणि तिथी लिहा. एक प्रत ज्याचा फोटो त्याला द्या. जाळी विणणाऱ्या त्या म्हाताऱ्याला नेऊन दिला, तर स्वतःकडे बघितलंच नाही त्याने. मागच्या होडीवर बोट ठेवून म्हणाला, ‘ही विकली रे मी गेल्या शिमग्यात. अजून एक काढून दे.’