जुन्या एटीव्हीचे शॉक बदलण्याआधी

पाचगणी-महाबळेश्वरकडच्या जांभ्याच्या वाटेवर जुनी एटीव्ही (खडबडीत रानवाटांवर चालवायची, जाड टायरची उघडी चारचाकी) हाडं खिळखिळी करते, म्हणून लोक थेट नवे शॉक घेतात. थांबा. आधी टायरची हवा बघा. एटीव्हीचे टायर मऊ असतात, बहुतेकांना ३ ते ५ पीएसआय पुरते; नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. पंक्चरवाल्याचा गेज इतका कमी दाब नीट दाखवत नाही आणि हवा दुप्पट-तिप्पट भरली जाते. कमी दाबाचा वेगळा गेज घ्याच. माझ्या मते सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

मग पुढची बाजू जॅकवर उचलून चाक वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. खडखड वाजलं तर ए-आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या ‘A’ आकाराच्या दांड्यांचे) बुश म्हणजे सांध्यातल्या नळ्या, बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेलंय. हे ढिले असतील तर महागडा शॉकही काही करू शकत नाही. साताऱ्यातल्या चांगल्या लेथवाल्याकडे जुना बुश नमुन्याला नेला, तर तो तसाच नवा करून देतो.

शॉकच्या दांड्याला तेल लागलंय का तेही पाहा. लागलं असेल तर सील गेलंय.

शेवटी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते. चाकाच्या मध्यापासून वर सांगाड्यावरच्या एका ठरावीक खुणेपर्यंतची उंची चाकं अधांतरी असताना आणि तुम्ही बसल्यावर मोजा. चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकी गाडी दबायला हवी. जास्त दबली तर स्प्रिंगखालची खाचांची रिंग एक खाच वाढवा, दोन्ही बाजूंना सारखीच. सगळ्यात वरच्या खाचेवरही गाडी बसतच असेल, तर स्प्रिंग थकलीय किंवा तुमच्या वजनाला मऊ पडतेय. तेव्हा मात्र नवी घ्या.